चार शुभवर्तमानांतील येशू : एक चिकित्सक वाचन

ख्रिस्ती धर्माच्या 'नव्या करारा'च्या प्रारंभी येशूची चार चरित्रे एकापाठोपाठ दिलेली आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या नावांनी ती ओळखली जातात व मराठीत त्यांस 'शुभवर्तमान' ही संज्ञा रूढ आहे. एकाच धर्मसंस्थापकाची चार चरित्रे एकाच पवित्र ग्रंथात शेजारी-शेजारी ठेवलेली असावीत, त्यांत जागोजागी परस्परविरोध असावा आणि तो पुसून टाकण्याचा मोह अधिकृत धर्मसंस्थेने टाळावा, ही धर्मेतिहासातील लक्षणीय घटना होय. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास तर ती विशेषच विचार करावयास लावते. तथागतांचे जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतचे सलग चरित्र तिपिटकात एके ठिकाणी मिळत नाही. ते सुत्तांतून व विनयातून वेचून जुळवावे लागते, आणि जुळविताना जुळविणाऱ्याची दृष्टी त्यात उतरल्याखेरीज राहत नाही.

या शुभवर्तमानांविषयी आपल्या वाचकवर्गात दोन प्रकारची वृत्ती आढळते. काही जण विसंगतींची यादी करतात आणि 'म्हणून हे सारेच थोतांड' असा निकाल देऊन मोकळे होतात. दुसरे काही, सर्व धर्म एकच सांगतात या सोयीच्या समजुतीने, चारही ग्रंथ एकच कथा सांगतात असे गृहीत धरतात. आम्हांस दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी वाटतात, कारण दोहोंतही ग्रंथ वाचण्याचे श्रम टळतात. विसंगती हा पुरावा आहे. ही कथा कोणी सांगितली, कोणासाठी सांगितली आणि सांगताना त्याच्यावर कोणते संकट होते, हे विसंगतीतूनच कळते. प्रस्तुत लेखात आम्ही काही स्थळे या दृष्टीने तपासणार आहोत. त्यांतील एका स्थळाने तर शतकानुशतके एका समाजाच्या जीविताशी खेळ केला आहे.

प्रथम काळाविषयी. येशूला इ.स. ३० च्या सुमारास यरुशलेम येथे क्रुसावर मारण्यात आले. त्या वेळी यहूदिया प्रांतावर पंतय पिलात हा रोमन अधिकारी होता. त्याचा कार्यकाळ इ.स. २६ ते ३६ असा मानला जातो, आणि कैसरिया येथे १९६१ साली सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव कोरलेले आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही पिलाताच्या हातून झालेल्या या देहदंडाची नोंद केली आहे. चारांपैकी सर्वांत जुने शुभवर्तमान मार्कचे असून ते इ.स. ७० च्या आसपासचे आहे. मत्तय व लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, तर योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस रचला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूची बोली अरामी होती. हे ग्रंथ ग्रीक भाषेत आहेत. लेखकांनी आपली नावे मजकुरात सांगितलेली नाहीत. आज रूढ असलेली नावे त्यांस दुसऱ्या शतकात जोडली गेली. घटना आणि लेखन यांत चाळीस ते सत्तर वर्षांचे अंतर आहे, हे ऐकून जो उपहासाने हसेल त्याने आपला तिपिटक सिंहलद्वीपात ग्रंथारूढ कधी झाला हे एकवार आठवावे.

पहिल्या तीन ग्रंथांचा मजकूर इतका मिळताजुळता आहे की तो तीन स्तंभांत समोरासमोर मांडून वाचता येतो. ग्रीसबाख या जर्मन पंडिताने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तशी मांडणी केली. आज बहुसंख्य विद्वानांचे मत असे की, मत्तय व लूक या दोघांनीही मार्कचा ग्रंथ समोर ठेवून लिहिले. मार्कचा बहुतेक सर्व मजकूर मत्तयात आणि सुमारे निम्मा लूकात उतरला आहे. हे मान्य केले की दुसऱ्याने पहिल्याचे शब्द कोठे बदलले, त्यावर बोट ठेवता येते. पाठभेदांची सवय असलेल्या वाचकास याहून अधिक काय हवे?

नासरेथचे उदाहरण घ्या. येशू आपल्या गावी परततो, सभास्थानात बोलतो आणि गावकरी त्याची अवहेलना करतात. मार्कमध्ये गावकरी त्यालाच सुतार म्हणतात. मत्तयात तो सुताराचा मुलगा होतो. लूकात सुतारकीचा उल्लेखच नाही. तो केवळ योसेफाचा मुलगा आहे. हाताने काम करणारा माणूस एका पिढीत बापाच्या आड गेला आणि पुढे धंद्याचे नावही उरले नाही. त्याच प्रसंगात मार्क सांगतो की, काही थोड्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे येशूला तेथे चमत्कार करता आला नाही. मत्तय लिहितो की, लोकांच्या अविश्वासामुळे त्याने तेथे फारसे चमत्कार केले नाहीत. 'करता आले नाहीत' आणि 'केले नाहीत' यांतील अंतर लहान दिसते, परंतु मनुष्य आणि ईश्वर यांच्यातील सारे अंतर त्यात मावते. एक धनिक येशूला 'उत्तम गुरुजी' म्हणून हाक मारतो, तेव्हाही असेच घडते. मार्कमधील येशू त्यालाच विचारतो की, देवाखेरीज कोणी उत्तम नसताना तू मला उत्तम का म्हणतोस. मत्तयाला हा प्रश्न अडचणीचा वाटला असावा. त्याने संवादाची जुळणी बदलून येशूला उत्तम गोष्टीविषयी विचारले गेल्याचे दाखविले.

बाप्तिस्म्याच्या कथेतही हीच अडचण दिसते. यार्देन नदीवर योहान नावाचा एक तपस्वी पापक्षालनासाठी लोकांना स्नान घालीत असे. येशूने त्याच्याकडून स्नान घेतले, असे मार्क निःसंकोचपणे सांगतो. निष्पाप पुरुषाला पापक्षालनाची गरज काय, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. मत्तयात योहान स्वतःच आक्षेप घेतो आणि येशूला त्याची समजूत घालावी लागते. लूक योहानाला तुरुंगात टाकल्याचे आधी सांगतो व मग स्नानाचा उल्लेख ओझरता करतो. चौथ्या शुभवर्तमानात हा तपस्वी येशूविषयी साक्ष देतो, पण त्याने येशूला स्नान घातल्याचे वर्णनच नाही. जी गोष्ट प्रत्येक पिढीला अधिकाधिक अवघड वाटू लागली, ती कोणी मुद्दाम रचली असण्याचा संभव कमी. म्हणूनच येशू या तपस्व्याच्या अनुयायांपैकी एक होता, हा निष्कर्ष इतिहासकार बऱ्याच विश्वासाने काढतात.

जन्मकथांविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मार्क व योहान यांत जन्मकथा नाही. मत्तयाच्या कथेत राजा हेरोद, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, बालकांची कत्तल आणि मिसर देशात पलायन आहे. लूकाच्या कथेत जनगणना, गव्हाण आणि मेंढपाळ आहेत, आणि पलायनाऐवजी मंदिरातील विधी उरकून कुटुंब शांतपणे नासरेथला परतते. हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये मरण पावला. क्विरीनिय याने यहूदियात केलेली जनगणना इ.स. ६ मधील आहे. दोन्ही वंशावळींत येशूच्या आजोबाचे नाव वेगळे आहे. नाताळच्या देखाव्यात ज्ञानी पुरुष आणि मेंढपाळ एकाच गोठ्यात उभे केलेले असतात. तो देखावा कोणत्याही एका शुभवर्तमानात नाही.

मत्तयाची एक सवय मात्र पालिच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी. प्रत्येक घटना जुन्या संदेष्ट्यांच्या वचनांची परिपूर्ती म्हणून दाखविण्याची त्याला हौस आहे. जखऱ्या संदेष्ट्याच्या एका हिब्रू पद्यात राजा गाढवावर बसून येतो असे सांगून लगेच दुसऱ्या चरणात तेच पर्यायी शब्दांनी पुन्हा सांगितले आहे. एकच अर्थ दोनदा सांगण्याची ही रीत पालि गाथांच्या वाचकास नवी नाही. मार्कमध्ये येशू एका शिंगरावर बसून यरुशलेमात प्रवेश करतो. मत्तयाने पद्यातील दोन चरणांसाठी दोन जनावरे आणविली आणि येशूला त्या दोहोंवर बसविले! येथे घटनेवरून ग्रंथ लिहिला गेलेला नाही. जुन्या ग्रंथाच्या शब्दावरून घटना घडविली गेली आहे. कुमारी मातेच्या कथेलाही असाच आधार आहे. यशया संदेष्ट्याच्या हिब्रू वचनात 'तरुण स्त्री' असा शब्द आहे, ग्रीक भाषांतरात त्याचे 'कुमारी' झाले आणि मत्तयाने ते भाषांतर वापरले.

लूकाची दृष्टी निराळी आहे. मत्तयाचा येशू डोंगरावर चढून उपदेश करतो आणि 'आत्म्याने दीन' असलेल्यांना धन्य म्हणतो. लूकाचा येशू खाली सपाटीवर उभा आहे व त्याच्या तोंडी केवळ 'दीन' असा शब्द आहे, तोही समोर बसलेल्यांना उद्देशून. शिवाय लगोलग तो धनवानांचा धिक्कार करतो. मत्तयात तो धिक्कार आढळत नाही. भुकेची गोष्टही अशीच. लूकात ती पोटातील भूक आहे, मत्तयात ती नीतिमत्त्वाची भूक झाली आहे. मूळ वचन कोणते, यावर पुष्कळ लिहिले गेले असून लूकाचे रूप अधिक जुने असावे असे अनेकांस वाटते. आम्हांसही ते पटते, कारण दारिद्र्याला आत्म्याचे विशेषण जोडणे श्रोत्यांत चार पैसेवाले लोक येऊन बसल्यावर आवश्यक होते. परंतु मत्तयावर अन्याय होऊ नये. आंतरिक नम्रतेचा त्याचा अर्थही यहूदी परंपरेत रुजलेला होता, आणि डोंगरावरील प्रवचनाची त्याने केलेली रचना चारही ग्रंथांत श्रेष्ठ आहे.

योहानाचे शुभवर्तमान उघडले की आपण वेगळ्याच प्रदेशात येतो. येथे दृष्टांतकथा नाहीत, भूतपिशाच्चे काढणे नाही. त्याऐवजी येशू स्वतःविषयी दीर्घ भाषणे करतो. पहिल्या तीन ग्रंथांत त्याचे सार्वजनिक कार्य एका वल्हांडण सणाशी येऊन संपते. येथे तीन वल्हांडणे येतात. मंदिरातील व्यापाऱ्यांना हुसकून लावण्याचा प्रसंग तिघांनी अखेरीस ठेवला आहे, योहानाने आरंभी. मार्कमधील येशू आपण कोण आहोत हे कोणास सांगू नका अशी पुनःपुन्हा ताकीद देतो. या गोष्टीकडे व्रेडे या जर्मन अभ्यासकाने १९०१ साली लक्ष वेधले आणि मार्कही निव्वळ वृत्तांत सांगणारा नाही, त्यालाही स्वतःचा सिद्धान्त आहे, हे दाखवून दिले. योहानातील येशू मात्र हेच गुपित चौकात उभे राहून सांगतो.

आता मृत्यूच्या कथेकडे वळू. चारही ग्रंथांचे प्राण तेथे आहेत. तिघांच्या मते येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या मते त्याला आदल्या दिवशी, मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात होती त्या दिवशी, मारण्यात आले. योहान येशूला कोकरू मानतो, आणि दिनदर्शिका त्या अर्थाला वश झाली आहे. अटकेपूर्वीच्या रात्री मार्कचा येशू व्याकुळ होऊन भूमीवर पडतो आणि हा प्रसंग टळावा अशी प्रार्थना करतो. योहानात ही व्याकुळ प्रार्थना नाही. तेथे येशूचे उत्तर ऐकून त्याला धरावयास आलेले शिपाईच भूमीवर पडतात. क्रुसावर मार्क व मत्तय यांतील येशू देवाने आपला त्याग का केला असा टाहो फोडतो. लूकातील येशू शांतपणे आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो. योहानातील येशू कार्य पूर्ण झाल्याचे सांगून मान लववितो.

उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. हे सात उद्गार चार ग्रंथांतून गोळा केलेले आहेत. कोणत्याही एका ग्रंथात तिनांपेक्षा अधिक नाहीत. त्यांची बेरीज केली की मार्कमधील त्या एकाकी आर्त हाकेची तीव्रता संपते, कारण श्रोत्याला पुढचे शांत उद्गार आधीच ठाऊक असतात. मार्कने वाचकाला कोणतेही सांत्वन दिलेले नव्हते. चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाई व व्हॅटिकन येथील प्रतींत, त्याचा ग्रंथ रिकाम्या थडग्यापासून भयाने पळून जाणाऱ्या आणि कोणासही काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशीच थांबतो. पुनरुत्थित येशूचे दर्शन सांगणारी त्यापुढील वचने मागाहून जोडलेली आहेत. इतका रुक्ष शेवट वाचकांना सोसला नाही, हे समजण्यासारखे आहे. आम्हांस स्वतःस मात्र चारही ग्रंथांत हाच शेवट अधिक प्रामाणिक वाटतो.

परंतु ज्या स्थळासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ते स्थळ पिलाताच्या दरबारातील आहे. क्रुसावर चढविणे ही रोमन शिक्षा होती. आरोपपट्टीवर येशू हा यहूद्यांचा राजा असल्याचे लिहिले होते, यावर चारही ग्रंथांचे एकमत आहे, शब्द थोडेफार वेगळे असले तरी. म्हणजे आरोप राजद्रोहाचा, शिक्षा रोमची आणि शिपाईही रोमचे. आता पिलाताचे चित्र कसे बदलत गेले ते पाहावे. मार्कमध्ये तो जमावाला खूश करण्यासाठी येशूला देहदंड देतो. मत्तयात त्याच्या पत्नीला स्वप्न पडते, तो पाणी मागवून सर्वांदेखत हात धुतो, आणि उपस्थित सर्व लोक या रक्ताचा दोष आपल्यावर व आपल्या मुलाबाळांवर घेत असल्याचे बोलतात. हे हात धुणे आणि हे बोलणे फक्त मत्तयात आहे. लूकात पिलात येशू निरपराध असल्याचे तीनदा जाहीर करतो. योहानात तो आतबाहेर येरझारा घालतो, येशूला सोडण्याची खटपट करतो आणि त्याच्या समोर उभा असलेला पक्ष सरसकट 'यहूदी' या एका शब्दाने ओळखला जातो. जणू येशू आणि त्याचे शिष्य यहूदी नव्हतेच. ही वाट पुढे कोठे जाते तेही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिसरमधील अखमीम येथे पेत्राच्या नावावरील एका शुभवर्तमानाचा तुकडा सापडला. त्यात देहदंडाची आज्ञा पिलाताऐवजी हेरोद देतो. इथिओपियाच्या चर्चने तर पिलाताला संतांत स्थान दिले.

इतिहासातील पिलात असा नव्हता. फिलो आणि जोसेफस हे दोन्ही यहूदी लेखक त्याचे वर्णन कठोर व रक्तपात करणारा अधिकारी असे करतात; शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला परत बोलावण्यात आले. मग शुभवर्तमानकारांनी त्याचे हात इतके स्वच्छ का केले? यरुशलेममध्ये इ.स. ६६ साली रोमविरुद्ध बंड पेटले आणि ७० साली रोमन सैन्याने मंदिर जाळले. त्यानंतर रोमन साम्राज्यात राहणाऱ्या लहानशा ख्रिस्ती समूहाला आपला संस्थापक बंडखोर नव्हता असे पटविणे ही जगण्याची गरज होती. रोमने मारलेल्या माणसाची पूजा करायची आणि रोमच्याच राज्यात राहायचे, तर मारणाऱ्याचे नाव हळू उच्चारावे लागते. दुसरीकडे यहूदी सभास्थानांशी त्यांचे वितुष्ट वाढत होते. येशूला मानणाऱ्यांना सभास्थानातून बाहेर काढले जाते, असा उल्लेख योहानाने मुद्दाम केला आहे. त्या उल्लेखात येशूच्या काळापेक्षा योहानाच्या स्वतःच्या काळाची वेदना अधिक दिसते. यरुशलेममधील मुख्य याजक कैफा व त्याचे सहकारी येशूच्या अटकेत गुंतलेले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. सत्तेला चिकटलेला पुरोहितवर्ग सर्वत्र असेच वागतो. पण मूठभर याजकांचा दोष संपूर्ण लोकांवर, आणि पुढे त्यांच्या न जन्मलेल्या मुलांवर कसा गेला, हे केवळ चार स्तंभ समोर ठेवूनच कळते.

मत्तय स्वतः बहुधा यहूदी होता, आणि त्याने केलेला आरोप घरातल्या भांडणातील होता. तो दुबळ्या गटाने बलिष्ठ भाऊबंदांवर केलेला होता. चौथ्या शतकात रोमचे सम्राट ख्रिस्ती झाले व साम्राज्याची सत्ता चर्चच्या पाठीशी आली. तेव्हा तेच वाक्य सत्ताधाऱ्यांच्या तोंडी गेले आणि त्याचा अर्थ बदलला. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स व माइन्झ या नगरांतील यहूदी वस्त्यांची कत्तल केली, ती ख्रिस्ताच्या मारेकऱ्यांचा सूड म्हणून. जर्मनीतील ओबरआमरगाऊ या गावी १६३४ पासून येशूच्या दुःखसहनाचे नाटक होत आले आहे. त्याच्या त्रिशताब्दीच्या प्रयोगाला १९३४ साली हिटलर उपस्थित होता. साठ लाख यहूद्यांच्या संहाराचे कारण मत्तयाचे एक वाक्य होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण नाझी वंशवादाची मुळे इतरत्रही होती. तथापि शेजाऱ्यांना नेले जात असताना गप्प राहणाऱ्या खेड्यापाड्यांतील माणसांच्या कानांवर हे वाक्य बालपणापासून पडत आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येणार नाही असे घोषित केले. त्यास एकोणीसशे वर्षे लागली. ग्रंथातील एखादे वाक्य जन्मावरून माणसाच्या माथी दोष कसे मारते, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

दुसऱ्या शतकात सिरियाच्या तातियान याने चारही ग्रंथ गुंफून एकच सलग चरित्र तयार केले होते. ते लोकप्रिय झाले आणि सिरियातील चर्चमध्ये पाचव्या शतकापर्यंत वाचले जात होते. थिओडोरेट नावाच्या धर्माधिकाऱ्याने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. त्याआधी इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस याने शुभवर्तमाने चारच असावीत असा आग्रह धरला होता; दिशा चार आहेत आणि वारेही चार आहेत, असे त्याचे कारण होते. कारण अगदीच बालिश आहे. पण तातियानाचा मार्ग सर्वत्र स्वीकारला गेला असता तर मत्तयाचे ते वाक्य चारांपैकी एकाचेच आहे, हे सांगावयास आज कोणाजवळही पुरावा उरला नसता. ज्या विसंगतींची आमचे काही मित्र थट्टा करतात, त्यांनीच यहूद्यांच्या बाजूने साक्ष दिली.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका लेखाचा विचार करणे प्राप्त आहे. 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' हा त्यांचा इंग्रजी लेख १९५० साली महाबोधी सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना करताना त्यांनी दाखवून दिले की, येशूने स्वतःस देवाचा पुत्र म्हटले व आपल्या अनुयायांनी तसे मानावे ही अट घातली. बुद्धाने स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. आमचे काही वाचक हे विधान मार्कच्या येशूला लावतात आणि मग गोंधळतात, कारण मार्कमधील येशू स्वतःला 'उत्तम' म्हणवून घेण्यासही तयार नाही. बाबासाहेब ज्या येशूविषयी लिहीत होते तो ख्रिस्ती धर्माने मान्य केलेला येशू होता, आणि त्याचे रूप प्रामुख्याने योहानाच्या ग्रंथाने घडविले आहे. धर्मांची तुलना करावयाची तर धर्म ज्याला मानतो त्याचीच करावी लागते. त्या दृष्टीने त्यांचे विधान अचूक आहे. गालीलातील सुताराचे ऐतिहासिक संशोधन हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

उलट बाबासाहेबांची स्वतःची ग्रंथचिकित्सा शुभवर्तमानांच्या आधुनिक चिकित्सेच्या जवळची आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गृहत्यागाची रूढ कथा विश्वसनीय नसल्याचे सांगितले. वृद्ध, आजारी आणि मृत माणूस एकोणतीस वर्षे दृष्टीस पडला नाही, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पालि ग्रंथांतही त्याला आधार आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे आईवडील रडत आहेत, चार निमित्ते नाहीत. ती दीघनिकायातील महापदान सुत्तात आहेत, पण विपस्सी या पूर्वबुद्धाच्या कथेत. पुढे ती गौतमाच्या चरित्रात आली. चारही निमित्ते एकाच दिवशी दिसली असे दीघभाणक म्हणतात, ही नोंद निदानकथेने जाता जाता केली आहे, म्हणजे पाठकांच्या परंपरांतही मतभेद होता. भाणकांच्या स्मरणात चुका शिरल्या हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आणि तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास झाल्याची पाच सुत्ते दाखविली. मत्तयाच्या दोन गाढवांवर हसण्याचा अधिकार आम्हांस आहे, पण विपस्सीच्या कथेतील रथ सिद्धार्थाच्या दारी कसा आला, याचेही उत्तर आम्हीच दिले पाहिजे.

दोषारोपाच्या कथाही आपल्याकडे आहेत. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी दीर्घकाळ राहावे अशी विनंती आनंदाने वेळेवर केली नाही, म्हणून दोष त्याच्यावर ठेवला आहे. चुल्लवग्गातील राजगृहाच्या संगीतीच्या वृत्तांतात स्थविर भिक्खू त्याच्यावर पाच आरोप करतात. त्यांपैकी दोन स्त्रियांसंबंधी आहेत. तथागतांच्या देहाचे दर्शन त्याने प्रथम स्त्रियांना घेऊ दिले, हा एक. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी त्याने खटपट केली, हा दुसरा. चिनी भाषांतरांत टिकून राहिलेल्या इतर संप्रदायांच्या विनयांत या आरोपांची संख्या व क्रम सारखा नाही. ज्या सुत्तात आनंदावर दोष आहे, त्याच सुत्तात तथागत त्याच्या अद्भुत गुणांची भिक्खूंपुढे प्रशंसा करतात. हे आरोप कोणत्या पिढीतील भिक्खूंना आवश्यक वाटले आणि भिक्खुणीसंघाविषयी त्यांचे मत काय होते, हा प्रश्न पिलाताच्या हात धुण्याइतकाच विचारण्याजोगा आहे. या सर्व विनयांतील संगीतीचे वृत्तांत ग्रीसबाखाप्रमाणे स्तंभांत मांडून पाहावेत, अशी आमची पालिच्या विद्यार्थ्यांस सूचना आहे. मांडताना आनंदाच्या उत्तराकडे लक्ष द्यावे. आपणास यात दोष दिसत नाही, तथापि आयुष्मानांवरील श्रद्धेमुळे आपण तो मान्य करतो, असे तो सांगतो. आणि चुल्लवग्गाच्या संकलकांनी हे उत्तर पाचही आरोपांखाली कायम ठेवले आहे.